मेट्रन पडली!

फोन करडीहून होता, आत्याच्या शेजारच्या वच्छलाकाकूंचा. "बापू, तुही आत्या चटईवर पडून आहे... उठून नाही राहिली." आणि मी, खरं सांगतो, हसलो. "मेट्रनसंगं लोळून राहिली असंल. लोळू द्या," म्हणालो. पलीकडे काकू रडायला लागल्या. त्या रडण्यातूनच मला कळलं... या वेळी खरं आहे.

हसायला कारण होतं. कुसुमआत्याची उभी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. निवृत्तीनंतर तिनं एक भुरी सशीण पाळली आणि तिचं नाव ठेवलं मेट्रन. "जिंदगीभर मेट्रनचं ऐकलं, आता एक मेट्रन माह्यं ऐकंल," म्हणायची. कसचं काय! चपलांना, दाराला, माझ्या पिशवीला हनुवटी घासून मेट्रननं सगळं घर स्वतःच्या नावावर करून घेतलं. आत्याच भाडेकरू झाली.

मेट्रन पहिल्यांदा पडली तेव्हा मी समोर होतो. मजेत अंग चाटत बसलेली, एकाएकी धाडकन आडवी! पाय ताणलेले, डोळे अर्धवट मिटलेले. आता मी पडलो मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकांत दर साल रडणारा बाप रंगवणारा माणूस. असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. कुणी पाणी आणलं, एकानं तर फावडंच आणलं. आत्या पिठाच्या हातानं बाहेर आली. "काहून बोंबलून राहिला बे? मेली नाही थे, निर्धास्त झाली. भेव वाटलं का ससा मागचा पाय आपटते. भेव गेलं का असं अंग टाकून देते." मेट्रननं एक कान हलवला. फावडंवाला हिरमुसून परत गेला. मग आत्यानं मला चटईवर आडवं व्हायला लावलं. "उभ्यानं पाहशील तं तिले तू घारीवानी दिसशील. खाली झोप, मंग पाह." हे कुठं शिकलीस, विचारलं, तर म्हणाली, "वार्डात. भेलेल्या बाईसंगं मी कधी उभ्यानं बोललीच नाही."

तेव्हापासून रोज दुपारी ओसरीत दोघींची चटई पडायची. एकदा मी न सांगता गेलो, तर दोघी शेजारी शेजारी निपचित. मी पुन्हा सूर लावला, "आत्या गेली वं!" आत्यानं एक डोळा उघडला. "हळू. मेट्रन झोपली."

...म्हणून हसलो होतो.

आत्या गेली आणि मेट्रन खाटेखाली शिरली. भेटायला येणारे वाकून वाकून बघत, "बिचारी!" म्हणत, आणि आतून उत्तर येई, धप्प! पाय आपटल्याचं. तिच्यापुढं ठेवलेली कोथिंबीर तशीच सुकली. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "सशाचं पोट थांबलं की जनावर हातचं जातं. आजच्या आज काहीतरी पोटात गेलं पाहिजे." मला एकच दिसत होतं. आत्या तर गेलीच होती, आता तिची मेट्रनही माझ्या डोळ्यांदेखत जाणार होती.

मी चटई अंथरली आणि भरल्या माणसांत, पांढऱ्या सदऱ्यानिशी आडवा झालो. "बापूले चक्कर आली!" वच्छलाकाकू ओरडल्या. "चक्कर नाही, काकू. तुम्हीबी खाली बसा. सगळेच बसा." माझ्या नाटकांना इतके शांत प्रेक्षक कधी मिळाले नव्हते. बराच वेळ काही झालं नाही. मग खाटेखालून एक नाक आलं... मागून मेट्रन. तिनं माझा कान हुंगला, माझ्या हनुवटीला आपली हनुवटी घासली. मी हळूच ताज्या कोथिंबिरीची काडी सरकवली. एक पान गेलं. दुसरं गेलं. अख्खी काडी गेली. आणि माझ्या बरगडीला टेकून मेट्रन धाडकन आडवी!

बपेऱ्याहून आलेल्या मामींनी कपाळावर हात मारला. "अवं माय, हे बी गेली!"

मी पडल्या पडल्याच कुजबुजलो. "हळू, मामी. मेट्रन झोपली."

ती चटई आता तुमसरला, आमच्या पडवीत असते. दुपारी कुणी आलं तर बायको दारातूनच सांगते, "भेऊ नका, दोघंबी जिवंत आहेत."