तपासले, दाखवण्यास हरकत नाही

शाळकरी मुलांसाठी जगात जेवढे म्हणून व्हिडिओ निघाले, ते सगळे शेवटपर्यंत पाहिलेला एकच माणूस आहे, आणि तो माणिकपूरच्या आमच्या शाळेत कम्प्युटर शिकवायचा. शाळेच्या नेटवर व्हिडिओ बंद असत. एखादा उघडायचा तर शिक्षकांनी सरांना चिठ्ठी द्यायची, सरांनी तो डबा खाताखाता पूर्ण बघायचा, वहीत नोंद करायची आणि मग तेवढाच उघडायचा. पुढे पळवणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटे. त्यामुळे ज्वालामुखीपासून बेडकाच्या चिरफाडीपर्यंत सगळ्यात ते पारंगत झाले. मुलं मात्र मागेच राहिली. भूगोलाच्या बाईंचा हिमनदीचा व्हिडिओ उघडला तेव्हा त्या धड्याची परीक्षाही होऊन गेली होती. बाईंनी तणतण केली, तर म्हणाले, "हिमनदीच ती, बाई. सावकाशच सरकणार."

मी त्याच शाळेची माजी विद्यार्थिनी आणि वसईतल्या यच्चयावत अन्यायांची स्वयंघोषित वैरी. खड्डे, नळाचं पाणी, रिक्षाचं भाडं, प्रत्येकावर माझं एक पत्रक आहे आणि प्रत्येकात किमान चार धिक्कार. सरांवर लिहिलं, 'ज्ञानाची नाकेबंदी मोडून काढा'. त्यात त्यांना हुकूमशहा म्हटलं होतं. पाठीमागून वार करायचा नाही हे माझं तत्त्व, म्हणून पहिली प्रत त्यांनाच नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचलं. "तिसरा परिच्छेद दुसऱ्यातलंच सांगतो, पुढच्या खेपेला काढ," म्हणाले, कोपऱ्यात 'तपासले, दाखवण्यास हरकत नाही' असा शिक्का मारला आणि स्वतःच जाऊन नोटीस बोर्डावर लावलं. हुकूमशहाने सहकार्य केलं तर पुढे काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी मी जिंकले. पालकसभेत टेबल बडवलं, शाळेने नको ते आपोआप अडवणारं सॉफ्टवेअर घेतलं, सरांची वही कपाटात गेली. आठवी 'ब'ला पहिला मोकळा व्हिडिओ दाखवायचा मान अर्थातच मला. मी वादळांवरचा निवडला, नुसतं नाव वाचून. सातव्या मिनिटाला एक होडी उलटली आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी उठून बाहेर गेली. तिचा बाप मासेमारीला गेला तो परतला नव्हता. अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. सॉफ्टवेअरला नव्हतं, मला नव्हतं. मी थांबवायचं बटण शोधत राहिले.

बाहेर आले तर सर तिच्याशेजारी पायरीवर बसलेले. एरवी छापील मराठी बोलणारा हा माणूस आपल्या चांदीप गावच्या घरच्या बोलीत सांगत होता, "पानी पी, पोरी. वर्गात जायची घाई नाय."

ती शांत होऊन आत गेल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "आधी पाहिला नव्हतास ना?"

"नाही."

"मी पाहिला होता."

त्या दिवशी कपाटातून वही काढून बघितली. सरळ अक्षरात नोंद होती: 'वादळे. उत्तम. आठवी ब, सहाव्या मिनिटाला थांबवणे.'

सर आता निवृत्त होऊन चांदीपला भातशेती बघतात. वही माझ्याकडे आहे. शाळेतले व्हिडिओ हल्ली, शाळेला विचारून, मीच आधी बघते, डबा खाताखाता, न पळवता. मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, तो शब्द मीच छापला होता. नोटीस बोर्डावर ते पत्रक अजून आहे, चारही धिक्कारांसकट, तिसऱ्या परिच्छेदासकट. दहादा काढायला गेले. पण कोपऱ्यात त्यांचा शिक्का आहे, आणि हात तिथंच अडतो.