बनामायनं ओळखलं

माझी भक्ती तशी फटकळच. गोडादऱ्याच्या वस्तीत आम्ही खानदेशी बायका दर श्रावणात कानबाई देवी बसवतो आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर नेऊन तिला निरोप देतो. मिरवणुकीत शेजारच्या म्हाताऱ्या बनामायच्या अंगात आलं, की मी पदराआड हसायचे. "झालं, हिचं नाटक सुरू," असं एकदा तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. तेव्हापासून तिनं अबोला धरला.

त्या वर्षी मी देवीवरच रुसले होते. वय चौतीस, आणि पाण्याची कळशी घेऊन तिसरा मजला चढले की छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं. सगळे म्हणायचे, गॅस आहे. मीही ओवा चघळत साड्यांना टिकल्या चिकटवत बसायचे. तरी त्या सोमवारी हट्टानं कानबाईचा पाट डोक्यावर घेतला आणि नाचले.

वाटेत छातीत कळ उठली. हातपाय लटपटले, साडी घामानं भिजली, तोंडातून शब्द फुटेना. कुणीतरी पाट उतरवून घेतला आणि माझ्या अंगात देवी आली असं समजून बायका ओरडल्या, "माय उनी! माय उनी!" कुणी माझ्या कपाळाला कुंकू माखलं, कुणी पाया पडलं, एकीनं तर लेकाच्या नोकरीचं विचारलं. मला सांगायचं होतं, अगं, मी मरतेय. ते काही केल्या बाहेर पडेना. मनात एवढंच आलं, माय, आता तूच बघ.

गर्दी सारून बनामाय पुढे आली. तिनं माझा हात धरून पाहिला. "माय उनी का आंग तापस व! हिनं ते थंडगार पडी गयं. रिक्षा बलावा, दवाखानामा लई चला!" देवी आली की अंग तापतं, गार पडत नाही, हे तिच्याहून जास्त कुणाला कळणार? वाजंत्री थांबली. रिक्षात माझं डोकं तिच्याच मांडीवर होतं.

हार्ट अटॅक होता. हृदयाला रक्त पुरवणारी एक नस जन्मापासूनच भलत्या जागेहून निघालेली. दगदग झाली की दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मध्ये चेपायची. ऑपरेशन झालं. तीच नस घेऊन मी इतकी वर्षं पाणी भरलं, लेक वाढवली, नाचले. तेव्हा कोण सांभाळत होतं, हे मी आता कुणाला विचारत नाही.

यंदा पाट दुसरीनं उचलला. मी हळूहळू मागून चालले. बनामायच्या अंगात आलं, तेव्हा तिच्या अनवाणी पायांवर डोकं ठेवलं. पाय चांगलेच तापले होते. रस्त्यानं तापले असतील, मायनं तापले असतील. मी बराच वेळ डोकं उचललं नाही.