साठपर्यंत मोजा

लोखंडाच्या कुठल्याही वस्तूला तो आधी हाताची मागची बाजू लावायचा. सबस्टेशनच्या गेटला, पाण्याच्या टाकीच्या नळाला, फाट्यावरच्या हॉटेलातल्या पत्र्याच्या टेबलाला. एकदा तर आमच्या इंजिनिअर मॅडमच्या नव्या गाडीचं दार उघडण्याआधीही त्याने तसंच केलं. तळहाताला करंट लागला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो. उलट्या हाताला लागला तर हात झटकला जातो. हे विजेचं काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. पण ज्या वस्तूचा विजेशी काही संबंध नाही, तिच्यावरही संशय घेणारा माणूस मी तो एकच पाहिला.

तो लाइनमन होता. आमच्याकडे लाइनमनला वायरमनच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाक्याच्या अलीकडे एक फाटा फुटतो, तिथे आत आमचं सबस्टेशन होतं. मी तिथला ऑपरेटर. वायरमनला खांबावर चढायचं असलं की तो मला फोन करतो. मी ती लाइन बंद करतो, पॅनेलला ‘काम चालू’ची पाटी अडकवतो आणि त्याला परमिट देतो. म्हणजे लाइन बंद आहे, चढा, असा शब्द देतो. बाकीचे वायरमन तो शब्द घेत. हा घेत नसे.

“बंद म्हणता तुमी,” तो म्हणायचा. “बंद हाय का, ते पाहतो.”

लाइनचं नाव तो मला तीनदा म्हणायला लावायचा. मग खांबाखाली उभा राहून तारांवर जमिनीला जोडलेली अर्थिंगची साखळी फेकायचा आणि त्यानंतरच पट्टा बांधायचा. मी वीस वर्षं त्या खुर्चीत काढली होती. माझा शब्द तपासून पाहणारा हा कोण, असं मला दर वेळी वाटे. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, जो तुम्ही दिलेला कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो. त्याच्याविषयी तुम्हाला जे वाटतं, तेच मला वाटायचं.

तो आमच्याकडे बदलून आला तेव्हा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा असेल. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आणि डावी टाच टेकताना पाय किंचित ओढायचा. आधीच्या गावी तो खांबावरून पडला होता. का पडला, याच्या हॉटेलात चार कहाण्या होत्या. कोणी म्हणे मधमाश्या उठल्या, कोणी म्हणे पिऊन चढला. हलकं काम मिळावं म्हणून मुद्दाम पडला, असंही एक जण खात्रीने सांगायचा. मी एकदा सरळ त्यालाच विचारलं.

“पडलो,” तो म्हणाला.

“वरून?”

“खालून कोण पडते?”

त्यापुढे तो काही बोलला नाही, आणि बोलत नाही म्हणजे पाणी मुरतंय, असं मी मनाशी धरलं.

त्याचा व्यायाम हा संशयाचा दुसरा विषय. सबस्टेशनच्या मागे पूर्वी सायकली ठेवायची शेड होती. तिचे पत्रे उडून गेले होते, पण दोन खांब आणि त्यांच्यावरचा आडवा पाइप शिल्लक होता. सकाळी सातला तो तिथे यायचा. पायरीच्या कडेवर उभा राहून टाचा वर-खाली करायचा. पाठीमागे टॉवेल धरून खांदा ताणायचा. भिजवलेलं पोतं पिळायचा, पुन्हा भिजवून पुन्हा पिळायचा, मनगटात जोर राहावा म्हणून. आमच्या वयाला बाकी सगळ्यांची पोटं सुटली होती. माझं तर टेबलाला टेकायचं. ज्याचं हाड मोडलं तो कागद दाखवून सावलीतलं काम मागतो, हा आमच्याकडचा रिवाज. हा उलट अंग कमावत होता. त्याचं काहीतरी आहे, असं आम्ही हॉटेलात म्हणत असू. काय आहे, ते कोणालाच सांगता येत नसे.

आणि कामाचा ताण काही कमी नव्हता. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळला की तीस-चाळीस माणसं सबस्टेशनच्या फाटकात उभी राहत. वायरमन मुद्दाम लाइन घालवतो, असा त्यांचा संशय. फोन तर थांबतच नसे. अशा गर्दीत हा एका पायावर उभा राहून सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. एकदा एक शेतकरी भडकून म्हणाला, आमी बोंबलून राहिलो अन् तू बगळ्यावानी उभा काहून हायस?

“टाच धरून येती, बापा,” तो म्हणाला. “तू बोल. मी आयकून राहिलो.”

गर्दीत दोघंतिघं हसले आणि मग आवाज जरा खाली आला.

दुसऱ्या वर्षी एका डीपीचं गंजलेलं हँडल ओढताना त्याचा तोच उजवा खांदा निखळला. अडीच महिने तो घरी होता. मॅडम तिशीच्या आतल्या, कडक पण मनाने चांगल्या. त्यांनी त्याला हिंगोलीच्या स्टोअरमध्ये बसायचं काम देऊ केलं. पंखा, सावली, खुर्ची. त्याने हात जोडून नको म्हटलं आणि परत आला. हॉटेलात त्या दिवशी चहा थंड झाला, एवढा काथ्याकूट झाला.

परत आल्यावर त्याने एक नवीन गोष्ट सुरू केली. दर सोमवारी तो त्या पाइपला दोन्ही हातांनी लटकायचा आणि मोजायचा. मी खिडकीतून पाहायचो आणि मीही मोजायचो. पहिल्या सोमवारी चार झाले आणि तो खाली आला. मग सात. मग अकरा. साठ झाल्याशिवाय खांबावर चढणार नाही, असं त्याने मॅडमना सांगून ठेवलं होतं. तोवर जमिनीवरची कामं, तारा ओढणं, फ्यूज बांधणं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका सोमवारी माझ्या मोजण्यात साठ झाले. मी वाट पाहिली. तो खाली उतरला, हात झटकले, आणि तासाभराने मॅडमना म्हणाला की अजून जमत नाही.

मला वाटलं, सापडला.

मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि सांगितलं की साठ झालेत, मी स्वतः मोजलेत, हा कामचुकारपणा आहे. सांगताना मला बरं वाटत होतं, हेही इथे कबूल करतो. मॅडमनी त्याला बोलावलं. तो आला, ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं.

“साठ झाले, हे बराबर हाय,” तो म्हणाला. “पन शेवटचे धा डाव्या हातावर झाले. उजव्याची बोटं सुटली व्हती. चला, दाखवतो.”

आम्ही तिघं मागे गेलो. तो लटकला. पन्नासच्या आसपास त्याच्या उजव्या हाताची करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट. पंजा पाइपवर होता, पण नुसता टेकलेला. खिडकीतून ते दिसत नव्हतं. मॅडम माझ्याकडे न बघता आत निघून गेल्या. मी तिथेच उभा राहिलो, कारण कुठे जावं ते कळेना.

तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने टॉवेलने मान पुसली.

“भाऊ, आता खिडकीतून नका पाहू. सोमवारी इथं येऊन मोजत जा.”

मी म्हटलं, मीच का?

“बाकीचे माह्या बाजूचे हायेत. चाळीसले साठ म्हणतील. तुमचा माह्यावर भरवसा न्हाई, म्हणून तुमीच बरे.”

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसू लागलो. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नसे, बोटांकडे पाहायचो. करंगळी सुटली की मोजणं थांबवायचो. एकदा अठ्ठावन्नावर थांबवलं. तो खाली आला आणि “बराबर” एवढंच म्हणाला. खरे साठ झाले ते संक्रांतीनंतर. त्या दिवशी तो खांबावर चढायला निघाला, आणि मी फाटकापाशी उभा राहून तो दिसेनासा होईपर्यंत त्याच्या मोटारसायकलकडे पाहत राहिलो.

यानंतर आमची मैत्री झाली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. सोमवारचं मोजणं तेवढं चालू राहिलं; साठ भरले तरच तो आठवडा खांबावर चढायचं, असा त्याचा नियम. परमिट घेताना तो अजूनही नाव तीनदा म्हणायला लावायचा आणि मला अजूनही त्याचा राग यायचा.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. शेतीच्या दोन लाइन आमच्या पॅनेलवर शेजारी शेजारी होत्या, एक नंबर आणि दोन नंबर. त्याने दोन नंबरचं परमिट मागितलं. माझ्या दुसऱ्या कानाला एका शेतकऱ्याचा फोन होता, तो मला आईबहिणीवरून ऐकवत होता. मी खुर्चीतून अर्धा उठलो, हात लांब करून बटण फिरवलं, पाटी अडकवली आणि वायरमनला तीनदा म्हटलं, दोन नंबर बंद, दोन नंबर बंद, दोन नंबर बंद.

पाच-सात मिनिटांनी पॅनेलमध्ये धाडकन आवाज झाला आणि दोन नंबरची लाइन आपोआप बंद पडली. पाटी एक नंबरवर लटकत होती.

फोन वाजला तेव्हा पाटीकडे पाहतच मी तो उचलला.

“भाऊ,” पलीकडून तो म्हणाला, “बंद न्हवती.”

त्याने साखळी फेकली होती. ती जिवंत तारेवर पडली आणि लाइन उडाली. तो खाली होता, म्हणून होता.

तासाभराने तो सबस्टेशनवर आला. दुसऱ्या कोणी त्या वेळी माझी गचांडी धरली असती, आणि माझी ना नसती. तो बाकावर बसला, पाणी प्याला. मग त्याने आधीच्या गावची गोष्ट सांगितली, मी न विचारता. तेव्हाही ऑपरेटरने बंदच म्हटलं होतं. आठ वर्षांची ओळख, एका ताटात जेवणारा माणूस.

“लई चांगला माणूस व्हता,” तो म्हणाला. “म्हणूनच मी पाह्यलं न्हाई.”

मग मी विचारलं, तू तक्रार करणार का. त्याने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

“तुमीच लिहा. मी लिहिलं तर तकरार व्हईल. तुमी लिहिलं तर चूक व्हईल.”

मी लिहिलं. मेमो आला, चौकशी झाली, मॅडमसमोर मान खाली घालून उभा राहिलो. नोकरी वाचली. झोप मात्र गेली. डोळा लागला की ती पाटी दिसायची. हिंगोलीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लावली.

पुढच्या सोमवारी मी मोजायला गेलोच नाही. तो आत आला आणि मला खुर्चीतून उठवलं. म्हणाला, आठ तास बसून राहता, पायासंगं डोकं बी झोपते. त्याचं म्हणणं एवढंच होतं की लाइन बंद करायची तर खुर्चीतून हात लांब करायचा नाही. उठायचं, चालत पॅनेलपुढे जायचं, नाव मोठ्याने वाचायचं, मग बटण, मग बाहेर यार्डात जाऊन तीच लाइन सुटली का ते डोळ्यांनी पाहायचं, मग परमिट. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे करताना पहिल्या आठवड्यात माझे गुडघे बोलायला लागले. तो म्हणाला, बोलू द्या. सहा महिन्यांत माझं पोट टेबलापासून चार बोटं मागे सरकलं. त्यावरही त्याचा विश्वास नव्हता. टेबलच कोणी पुढं सरकवला असंल, असं तो म्हणायचा.

अशी पाच वर्षं गेली. पुन्हा एकही सोमवार चुकला नाही. तो चोपन्नचा असेल, त्या वर्षीच्या पावसाळ्यात आकडे उतरू लागले. छप्पन्न, बावन्न. तो आठवडाभर जमिनीवरची कामं करायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा साठ करून दाखवायचा. मग तेही थांबलं. पोतं पिळणं वाढवलं, टॉवेल वाढवला, खांद्याला शेकही घेतला. सलग पाच सोमवार पन्नास ओलांडले नाहीत.

सहाव्या सोमवारी तो लटकला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते. असं तो कधी करत नसे. मी बोटांकडे पाहत होतो. एकेचाळिसाव्या आकड्याला करंगळी सुटली. मी थांबलो. तो आणखी बराच वेळ लटकत राहिला, दात आवळून, आणि मग खाली आला.

“किती?”

आसपास कोणी नव्हतं. साठ म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं काही पाहिलं की त्याला माझ्याकडून खोटं ऐकायला आवडलं असतं. पण तो चढला असता. माझ्या शब्दावर चढला असता.

“एकेचाळीस,” मी म्हटलं.

तो थोडा वेळ हातांकडे पाहत उभा राहिला.

“बराबर,” तो म्हणाला.

त्याच दिवशी त्याने मॅडमना स्वतःहून अर्ज दिला. महिन्याच्या आत त्याची हिंगोलीला स्टोअरमध्ये बदली झाली. निरोपाचा नारळ-टॉवेल घेताना त्याने सगळ्यांशी हात मिळवला. माझा हात मात्र जरा जास्त वेळ धरला, उजव्या हाताने, आणि दाबून पाहिला. माझी ताकद पाहत होता की त्याची, ते मला कळलं नाही.

मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे हिंगोलीला गेलो होतो. काम लवकर आटोपलं म्हणून स्टोअरवर गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की ते जेवणाच्या सुट्टीत फिरायला जातात, येतील अर्ध्या तासात. मी तारांच्या मोठ्या रिळांच्या सावलीत उभा राहिलो. परतीच्या एसटीची वेळ होत आली तेव्हा तो दिसला. रेल्वे स्टेशनाच्या बाजूने येणाऱ्या रस्त्यावरून भरभर चालत येत होता. केस पार पांढरे झालेले, पाठ सरळ, आणि पाय ओढतो हे ज्याला माहीत आहे त्यालाच दिसावं इतकं कमी.

मी हाक मारणार होतो. पण त्याने पहिली गोष्ट विचारली असती, आज इकडं कसं काय? मी म्हटलं असतं, तुला पाहायला आलो. आणि त्याचा त्यावर विश्वास बसला नसता. मी मागच्या फाटकाने डेपोकडे निघालो.