माझे हात, तिचं तोंड

त्या दिवशी कोण कोण व्हतं ते पहिलं सांगते. म्हंजे कुणी म्हणाया नको, म्हातारी रचून बोलून राहिली. सुमनबाई व्हती, तिच्याच रानात आमच्या मेंढ्या रातीच्या बसायच्या, लेंड्यांचं खत तिला. तिचा लेक अविनाश, पुण्याला कंप्युटरचं शिकून आलेला. हिंगोलीचा फोटोवाला. माझी लेक कमल, दहावी झालेली, आज हेच लिहून घेऊन राहिली ती. अन् मी, मागावर बसलेली. माग माझा. दार माझं. घोंगडी माझ्या हातची.

फोटोवाल्यानं मशीन डोळ्याला लावलं अन् खाली घेतलं. "मावशी, जरा उठता का?"

"काहून?"

सुमनबाई हासली. "अगं, तुझ्याकडं बघून घोंगडी कोण घेईल? हात बघ तुझे."

मी बघितले. चिंचोक्याची खळ लावून लावून बोटं फुटलेली. नखात लोकर. मी उठले. माझ्या जागी ती बसली, सोन्याच्या बांगड्या घालून. दोरा फिरवायचा धोटा लाटण्यावाणी धरला व्हता तिनं. चुकतंय म्हणून मी सांगितलं न्हाई.

मला तिचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू. आमी दोघी एकाच साली ह्या गावात नांदायला आलो. ती जीपीतून, मी मेंढरांमागं पायी. हापशावर ती आली की बाया आपली घागर बाजूला घ्यायच्या. माझ्यासाठी कुणी घेतली न्हाई. तिला वाचता यायचं, त्याचा हेवा. माझा नवरा गेला अन् तिचा जिता राहिला, त्याचाबी केला. पाप म्हणा.

आमच्यात कातणं बायांचं, इणणं गड्यांचं. रांडमुंड बाई मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात उतरत न्हाई. मी उतरले. भावकी सहा महिने बोलली न्हाई माझ्यासंगं. उतरले तरी. माझ्याजवळ व्हती अन् सुमनबाईजवळ न्हवती, अशी तेवढी एकच चीज. फोटोत तीबी तिनं घेतली.

अविनाशनं घोंगड्याची साईट काढली. शहरातले लोक घरबसल्या बघणार, तिथंच बटन दाबून घेणार. लई दिवस गेले. एक घोंगडी हालली न्हाई. मंग आला माझ्या दारात.

"मावशी, लोक येतात. पहिलं पान बघतात अन् निघून जातात. एकबी घेईना."

"दाखव मला."

वारंगा फाट्यावर कंप्युटरचं दुकान व्हतं. त्यानं आमा दोघी मायलेकींना जीपीतून नेलं. मला म्होरं बसवलं. पान हळूहळू उघडलं. वर पळती अक्षरं. मंग सुमनबाई. मंग तिच्या सासऱ्याचा फेट्यातला फोटो.

"घोंगडी कुठाय?"

"खाली जावं लागतं, मावशी."

"सासरा इकायचाय का घोंगडी?"

कमल फिसकन हासली. अविनाशबी हासला, पर कागद काढला त्यानं.

मी सांगितलं. डोंगरकड्याच्या बाजारात मी धा घोंगड्या पसरीत न्हाई. धा बघून माणूस गोंधळतो, फिरून येतो म्हणतो, येत न्हाई. एकच उलगडते. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टाकते. त्यानं काही इचारायच्या आधी खोट सांगते. म्हणते, दादा, पहिले आठ दिवस टोचंल. वास येईल मेंढीचा. मंग अशी मऊ पडंल की लेकरू त्याच्यावरून उठायचं न्हाई. खोट आधी सांगितली की बाकीचं खरं वाटतं माणसाला. अन् तुझ्या फोटोतली घोंगडी तुझ्या आईनं पावडरीनं धुतली. खळ गेली सगळी. चिंधीवाणी लोंबून राहिली. नवी घोंगडी कशी, फळीवाणी ताठ पाहिजे. जाणता माणूस तेवढं बघूनच निघून जातो.

तो लिहून घेऊन राहिला. मी बोलून राहिले. माझं बोलणं जलमात कुणी कागदावर घेतलं न्हवतं. मी येडी, खुश झाले.

त्यानं पान बदललं. अन् घोंगड्या जाऊ लागल्या. गठुडं बांधून, वर पत्ता लिहून, फाट्यावरून. माझी पाठ मोडली, पर माग थांबला न्हाई. मला वाटलं, आता तिथं मी असंल.

कमलला म्हणलं, बघून ये. ती फाट्यावर गेली. आली ती दारातच बसली.

"माय, पळती अक्षरं गेली. सासरा गेला. एकच घोंगडी हाय, ताठ. बराबर तुझं बोलणं हाय, शब्दाला शब्द."

"अन् फोटो?"

"सुमनकाकूचा. खाली लिवलंय, मी सुमन, माझ्या हातानं इणते. पहिले आठ दिवस टोचंल."

राग न्हाई आला पहिला. हेवा आला. माझ्याच बोलण्याचा हेवा. ते तिच्या तोंडात शोभून राहिलं व्हतं. माझ्या तोंडात ते बाजारातलं वरडणं व्हतं.

मंग एक दिवस अविनाश आला, तोच फोटोवाला घेऊन. सुमनबाई मागं, सावलीत. कुण्या गिऱ्हाइकानं लिहून इचारलं व्हतं, ह्या बांगड्याच्या हातानं खरंच इणता का बाई?

"मावशी, फक्त हात पाहिजेत," अविनाश म्हणला. "धोट्यावर ठेवा. तोंड नको. आईच्या फोटोखाली लावू."

मी हाताकडं बघितलं. तेच हात. तव्हा ह्याच्यामुळं उठवलं व्हतं मला. आता ह्याच्यावाचून त्यांचं अडलं व्हतं.

मी हात पदराखाली घेतले.

"हात देते. पर हातासंगं तोंड येतंय. अन् नावबी."

"मावशी, तसं जमत नाही. लोकांना आईचं तोंड ओळखीचं झालंय."

"मंग आईच्या हातानं इण."

सुमनबाई सावलीतून बोलली, "मेंढ्या कुठं बसतेत तुझ्या, इसरली का?"

"न्हाई इसरले. खत कुठून येतं तेबी तुमी इसरू नका."

मी मागातली अर्धी घोंगडी तशीच ठेवली अन् खड्ड्यातून वर आले. फोटोवाला मशीन गळ्यात घालून उभा. मंग तिघं गेले.

दुसऱ्या दिवशी सुमनबाईनं आमच्या मेंढ्या तिच्या रानातून हाकलल्या. आमी पुसेगावाकडं नेल्या, लई तकलीफ झाली. दोन मेंढ्या वाटंत मेल्या. साईट बंद पडली न्हाई. अविनाशनं मशीनच्या घोंगड्या आणून लावल्या. कमल म्हणते, टोचंल म्हणलेलं अजून हाय तिथं. मशीनची टोचत न्हाई, तरी हाय.

हेवा गेला का? न्हाई. अजून जळते मी. पर आता त्याला आत कोंडत न्हाई. ती अर्धी घोंगडी मी पुरी केली, अन् तव्हापासून हरेक घोंगडीच्या काठाला काळ्या लोकरीची एक आडवी रेघ घालते. ती माझी. माझं बोलणं फुकट कुणाला द्यायची न्हाई. माझ्या हाताचा फोटो माझ्या तोंडाबिगर निघायचा न्हाई. मेल्यावरबी न्हाई, कमलला सांगून ठेवलंय.

वाचणाऱ्या बाई, दादा, एवढंच करा. घोंगडी कुठंबी बघा, बाजारात नाहीतर कंप्युटरवर. घ्यायच्या आधी इचारा, इणली कुणी? नाव सांगत नसले तर घेऊ नका.