आगाशेबाईंच्या शिंग्या

आगाशेबाई मला कधीच आवडल्या नाहीत. त्या गेल्यावर लोक त्यांच्याबद्दल बरंच चांगलं बोलले, पण त्यामुळे माझं मत बदललं नाही.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. ठाण्याच्या नौपाड्यात मुलींची एक शाळा होती. आगाशेबाई तिथे शास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले होते. पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेत शिरले तेव्हा त्या एका लोखंडी चौकटीच्या काचेच्या टाकीपुढे वाकून उभ्या होत्या. हातात उकडलेल्या दुधीची चकती. चकतीतून त्यांनी दोरा ओवला, दोऱ्याच्या टोकाला गुळगुळीत खडा बांधला आणि चकती हलकेच पाण्यात सोडली. ती तळाला टेकली तशा कोपऱ्यातल्या अंधारातून पाच शिंग्या बाहेर आल्या. काळपट, बिनखवल्यांच्या, तोंडाला लांब मिशा. मिशांनी चकती चाचपत त्या तिच्याभोवती फिरू लागल्या.

"खडा बांधला नाही तर भाजी तरंगते," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि हे तळाचे मासे. वर येऊन मागणं यांच्या स्वभावात नाही. नाव?"

"भोईर."

"गाव?"

"माजिवडा."

तेव्हा कुठे त्या वळल्या. "आगरी? मग एक लक्षात ठेवा. या टाकीला हात लावायचा नाही. तुम्हा लोकांना मासा दिसला की मसाला आठवतो."

प्रयोगशाळेत सातवीच्या मुली बसल्या होत्या. त्या हसल्या. मी आमच्या गावातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. इंटरपर्यंत शिकून, नव्या पांढऱ्या पातळाची घडी मोडून आले होते. त्या क्षणी मी बाईंना मनातून जे काढून टाकलं, ते कायमचं.

त्याही मला सोडत नव्हत्या. मी वर्गात शिकवत असताना मागच्या बाकावर येऊन बसायच्या. माझ्या तोंडून चुकून 'पानी' गेलं की तिथूनच म्हणायच्या, "पाणी. टाळूला जीभ लावा, मिस भोईर. कष्ट पडत नाहीत." मुली माझ्याऐवजी त्यांच्याकडे बघायला लागायच्या. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की खिडकी उघडायच्या. डब्यात भाकरी आणि जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोलंबीची, चटणी असायची, हे खरं. पण भर थंडीत खिडकी उघडायची गरज नव्हती.

शिंग्यांना मात्र त्यांनी कधी आवाज चढवून हाकललंसुद्धा नाही. सोमवारी दुधी, मंगळवारी काकडी, बुधवारी सोललेले मटार, असे वार ठरलेले. भाजी घरून वाफवून आणायच्या, मीठ न घालता. शाळा सुटताना टाकायची, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं काढायचं आणि किती खाल्लं ते वहीत लिहायचं. मी एकदा म्हटलं, "बाई, या मासळीला गांडुळंही लागतात." त्या म्हणाल्या, "माझ्या प्रयोगशाळेत जिवाला जीव खायला घालणार नाही. मिळेल ते खावं आणि गप्प राहावं, हे माशांना कळतं. माणसांना शिकवावं लागतं."

एकदा टाकी धुताना शिंगीचा काटा त्यांच्या तळहातात गेला. हा काटा विषारी असतो. गडी माणूसही कळवळतो. त्यांचा हात पाहता पाहता सुजला. मी हात शेकायला कढत पाण्याचं पातेलं घेऊन धावले. "ठेवा ते," त्या म्हणाल्या. "मला दया नको." आणि डाव्या हाताने फळ्यावर फुलाची आकृती काढत त्यांनी पूर्ण तास घेतला. आकृती वाकडी आली. ती त्यांनी पुसली आणि पुन्हा काढली.

त्या हिवाळ्यात एक शिंगी मेली. पंधरा दिवसांनी दुसरी. दुसरी मेली त्या दिवशी बाई सरळ मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि त्यांनी लेखी तक्रार दिली: मिस भोईर यांनी आपल्या डब्यातला सुका जवळा टाकीत टाकून पाणी नासवलं. मार्चमध्ये मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "भोईर, तुम्ही हे केलं नाही असं दाखवता येईल का?" न केलेली गोष्ट दाखवायची कशी? मी घरी जाऊन रडले.

माझे आबा मिठागरावर काम करायचे आणि पावसाळ्यात शेताच्या खाचरांतून शिंग्या धरायचे. ते ऐकून घेऊन म्हणाले, "चल, मना दाखव ती टाकी."

दुसऱ्या दिवशी आबा धुतलेला सदरा घालून शाळेत आले. मुख्याध्यापिका उभ्या होत्या, बाईही. आबांनी चपला दाराबाहेर काढल्या, टाकीत दोन बोटं बुडवली आणि हुंगली. मग एक शिंगी अलगद हातात धरली. काटा त्यांना लागला नाही. तिच्या पोटावरून अंगठा फिरवून त्यांनी तिला परत सोडली.

"जवला नाय हा," ते बाईंना म्हणाले. "जवल्याचा वास येगला. ही भाजी कुजलीय. बाई, शनवारी भाजी टाकता काय?"

"टाकते."

"आन काढता कवा?"

शनिवारी अर्धी शाळा. रविवारी शाळेला कुलूप. म्हणून शनिवारी त्या दुप्पट भाजी टाकायच्या आणि सोमवारी काढायच्या.

"भाजी खातं ते, खात नाय असा नाय," आबा म्हणाले. "पन निसत्या भाजीवर मासली खंगते. आन दोन दिस भाजी पान्यान ऱ्हायली तं पानी नासतं. आठवड्यानशी दोनदा गांडूल घाला. शनवारी कायपन नको. एक दिस उपाशी ऱ्हायली तं मरत नाय."

आबांचं 'पन' आणि 'पानी' बाईंनी सुधारलं नाही. त्यांनी वही उघडली. बोट ओळीवरून खाली नेत गेल्या, मग पान उलटून पुन्हा वर आल्या. दोन्ही शिंग्या सोमवारी सकाळी मेलेल्या सापडल्या होत्या. त्यांच्याच अक्षरात तसं लिहिलेलं होतं.

"गांडुळं किती?" त्यांनी विचारलं. "आणि तुमचं पूर्ण नाव सांगा." दोन्ही त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्याच दुपारी त्यांनी मुख्याध्यापिकांना दुसरं पत्र दिलं. ते मी कचेरीत वाचलं. 'मासे माझ्या चुकीने मेले. शनिवारी टाकलेल्या भाजीने पाणी नासले. मिस भोईर यांचा संबंध नाही. मी केलेला आरोप खोटा होता. तो माझ्या सेवापुस्तकात नोंदवावा.' मुख्याध्यापिका सांगत होत्या की इतकं करायची गरज नाही. बाईंनी ऐकलं नाही. मार्चमध्ये मी कायम झाले.

मी वाट पाहिली. एक आठवडा, दोन आठवडे. शेवटी प्रयोगशाळेत आम्ही दोघीच असताना विचारलं, "बाई, तुम्हाला मला काही सांगायचं नाही?"

"सांगायचं तिथे सांगितलं."

"पण मला?"

"तुम्हाला काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही काही केलं नाही, हे तुम्हाला आधीपासूनच माहीत होतं."

यानंतर आम्ही पाच वर्षं एकाच खोलीत काम केलं. त्या माझ्या उच्चारांच्या चुका काढत राहिल्या, खिडकी उघडत राहिल्या. आठवड्यातून दोनदा नळामागच्या ओल्या मातीत नाकाला पदर लावून गांडुळं उकरायच्या. जन्मात अंड्याला न शिवलेली बाई. ती पाण्यात सोडताना तोंड फिरवायच्या. एकदा मी म्हटलं, "द्या, मी घालते." त्यांनी डबी दिली नाही. उरलेल्या तीन शिंग्या चांगल्या पोसल्या.

निवृत्त होऊन त्या डोंबिवलीला भाच्याकडे राहायला गेल्या. निरोपसमारंभाला मी गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं, दुखत नव्हतं. दीड वर्षाने त्या वारल्याचं कळलं आणि शाळेत शोकसभा झाली. कोणी त्यांना प्रेमळ म्हटलं, कोणी म्हणालं त्या वरून फणस आणि आतून गोड होत्या. हे ऐकताना माझा संताप वाढत गेला. कारण हे खरं नव्हतं आणि बाईंनी ते खपवून घेतलं नसतं.

माझी पाळी आली तेव्हा मी उठले. "आगाशेबाई प्रेमळ नव्हत्या," मी म्हटलं. "त्यांनी मुलींसमोर माझ्या जातीवरून माझा अपमान केला, माझ्यावर खोटा आळ घेतला आणि त्याची माफी कधी मागितली नाही. मीही त्यांना क्षमा केलेली नाही. पण स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या वहीतून काढून, कोणी न सांगता, सही करून देणारं दुसरं माणूस मी या शाळेत पाहिलेलं नाही. आपल्यापैकी कोणी ते केलं असतं, असं मला वाटत नाही. मीसुद्धा नाही."

मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "बसा, भोईरबाई."

मी बसले. सभा संपल्यावर कोणी माझ्याशी बोललं नाही. जिन्यावरून उतरताना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला बाईंसाठी रडू आलं.