डोकं बदललं, बोंबील तेच

दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत माझ्या मांडीवर दवाखान्याचा नवा सर्व्हर होता आणि शेजारच्या मावशीच्या पायाशी सुक्या बोंबलांची पाटी. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवायचं काम (त्याला ‘रेड’ म्हणतात) नव्याने घेतलेल्या महागड्या कार्डाकडे द्यावं की सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स सॉफ्टवेअरकडेच, हे माझं ठरत नव्हतं. मावशीने खोदून खोदून विचारलं, म्हणून सांगितलं.

“कार्ड मेलं तं?”

“तसंच दुसरं शोधायचं. लिनक्स असलं तर डिस्क कुठल्याही मशीनला चालतात.”

ती गालात हसली. उतरताना तिने पाटी सरळ माझ्या डोक्यावर ठेवली आणि हात झुलवत पुढे निघाली.

“बघ, डोकं बदललं, बोंबील तेच!”

कार्ड मी परत केलं. का केलं, ते दवाखान्यात कोणीच विचारलं नाही. वास कसला येतोय, ते मात्र सगळ्यांनी विचारलं.