खाली असलेली खोली

हे लिहिणारा मी कोण, हा प्रश्न पहिल्याच ओळीला पडला आहे. माफ करा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. त्या घरातला पहिला सरकारी अर्ज मी लिहिला आणि तोच चुकला, म्हणून लिहितो आहे.

अर्ज अप्पांचा होता. अप्पा म्हणजे आमच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. गावच्या इतिहास मंडळात ते, शिंपीकाका आणि आणखी तिघं-चौघं. लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड, वीरगळ, पार निंबर्ग्यापर्यंतच्या बांधांवरून अप्पांनी टेम्पोतून आणले होते. सगळे त्यांच्या अंगणात, पत्र्याखाली. कोणी आलं की दगडावर पाणी शिंपडून ते अक्षरं दाखवत. नगरपालिकेच्या जुन्या वाचनालयात या दगडांना खोली मिळावी आणि आपण दारात खुर्ची टाकून बसावं, एवढीच त्यांची इच्छा.

डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. ते मराठीत सांगत गेले, मी कन्नडात लिहीत गेलो; पालिकेचं काम कन्नडात चालतं.

"वाचनालयात खाली असलेली खोली द्यावी," अप्पा म्हणाले.

मी लिहिलं, 'खाली इरुव कोणे'. वाचून दाखवलं.

"बरोबर," ते म्हणाले.

कन्नडात खाली म्हणजे रिकामी. आमच्याकडे मराठी बोलतानाही डबा खालीच होतो. खालच्या मजल्याला कन्नडात 'केळगिन' म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कान एका भाषेत होता आणि हात दुसऱ्या.

सभेच्या दिवशी आम्ही मागच्या बाकावर बसलो.

"दगडांना खोली? दगडं काय मतं देणार हायत?" एक सदस्य म्हणाले.

"दगडं निदान गप तरी बसत्यात," एक सदस्य अक्का म्हणाल्या. सभा हसली.

"लेख कन्नडचे का मराठीचे, ते आधी सांगा," तिसरे एक सदस्य म्हणाले.

"मेलेल्याला भाषा कामून विचारायलास, अण्णा?" पुन्हा अक्काच.

अप्पा गालात हसले. मला वाटलं, झालं आपलं काम. मग खालच्या खोलीवर गाडी आली. तिथं पालिकेच्या मोडक्या खुर्च्या आणि जुने दिवे कोंबलेले. ते हलवायचे कुठं, यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी अध्यक्षांनी अर्ज हातात घेतला.

"अहो, ह्यांनी खालीच मागितलीया. खाली तर वरची हाय. देऊन टाका. मांडण्या आणि रंगाचा खर्चबी मंजूर."

मी टाळ्या वाजवल्या. अप्पा उठून काही सांगू लागले, पण बाहेरच्यांना सभेत बोलता येत नाही म्हणून त्यांना बसवलं.

बाहेर येऊन ते वाचनालयाच्या जिन्यापाशी गेले. भिंतीला धरून पाच पायऱ्या चढले आणि तिथंच बसले. वीरगळ चार माणसं लावून वर नेता आले असते; दारात खुर्ची टाकून बसायला अप्पा चढणार नव्हते. मला तेव्हा उमगलं, आणि रडू आलं.

"कामून रडायलास? रिकामीच मागितलीस, रिकामीच राहील बघ," अप्पा म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचा अर्ज दिला. त्यात 'केळगिन' तीनदा लिहिलं. परीक्षेसाठी कलबुर्गीला निघालो, तर अप्पा काठी टेकत स्टँडवर आले होते. "पेपर तरी नीट लिही," म्हणाले. गाडी सुटेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे होते.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि शिंपीकाकांना फोन लावला. मागं शिलाई मशीन चालू होती.

"काका, खालची मिळाली का?"

"विषय अजून आला न्हाई सभेत." मशीन थांबली. "आता वरची बी चालंल, बाळा."

"कामून?"

"कसा झाला पेपर?"

"बरा गेला. कामून चालंल, काका?"

काकांनी मशीन दोन टाके चालवली, पुन्हा थांबवली. मग म्हणाले, "अप्पांना माती देऊन अकरा दिवस झाले. तुझे पेपर संपेपर्यंत सांगू नका, म्हणले होते."